तुळई वाकवताना

आईची डोलखुर्ची मोडली ती २०२१च्या दिवाळीआधी. फराळाच्या गडबडीत दोन मिनिटं टेकावं म्हणून ती बसली, मागे रेलली आणि काड् असा आवाज झाला. मागे भिंत होती म्हणून डोकं वाचलं. मी कारखान्यातून धावत आलो तेव्हा ती जमिनीवर बसून कोपर चोळत होती. डोलाचं मागचं टोक, चांगलं वीतभर, बाजूला पडलं होतं. डोल म्हणजे पायांखालच्या त्या दोन कमानदार पट्ट्या, ज्यांवर खुर्ची झुलते. खुर्ची मीच केलेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी तो तुकडा पिशवीत टाकून मी आबांकडे गेलो.

आबा म्हणजे आमच्या आजोळचे सुतार. अमळनेरहून बोरीच्या कडेकडेने गेलं की त्यांचं गाव लागतं. उभी हयात बैलगाडीची चाकं करण्यात गेली. आता गाड्याच उरल्या नाहीत, पण वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, अजून दाराआड टांगलेला आहे आणि त्याला धारही आहे. आयटीआयमध्ये मी सुतारकाम शिकलो, लाकूड वाचायला मात्र मी आबांकडे शिकलो. त्यांनी तुटल्या जागेवर अंगठा फिरवला, तुकडा उन्हात धरला आणि म्हणाले, "भाऊ, हाई तुटनं नही. हाई उकलनं."

खरंच तसं होतं. सागाच्या रुंद फळीवर कमान आखून मी डोल करवतीने कापून काढला होता. फळीची नस, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, सरळ, कमान मात्र वाकडी. डोलाच्या मधल्या भागात नस लांबीला धरून चालते, टोकाकडे जाता जाता ती कमानीतून बाहेर पडते आणि शेवटी चांगलीच तिरकी होते. तिथे लाकूड लाकडाला धरून नसतंच. चुलीसाठी ढलपी काढावी तसं ते वजनाखाली सुटतं. आबांनी चाकाचाच दाखला दिला. चाकाचा घेर एका लाकडातून का काढत नाहीत? बाभळीचे सहा पुठ्ठे, म्हणजे घेराचे कमानदार तुकडे, करायचे, प्रत्येकात दोन आरे बसवायचे आणि वरून तापवलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतायचं, की धाव आवळून सगळ्यांना एकत्र धरते. पुठ्ठा आखूड ठेवायचा तो एवढ्याचसाठी, की टोकाला नस फार आडवी होऊ नये. मी तीन फुटांचा पुठ्ठा केला होता, आणि तोही धावेशिवाय.

म्हणजे वाक लाकडातून कापायचा नाही, लाकूडच वाकवायचं. वाफेवर वाकवण्याचा प्रयत्न मी पूर्वी एकदा केला होता. त्याला थोडी ओल राखलेलं, बिनगाठीचं लाकूड लागतं. माझ्याकडे होती आजोबांच्या धाब्याच्या घराची तुळई. घर उतरवलं तेव्हा एवढी एकच मी मागून घेतली होती. पन्नासहून जास्त वर्षं माती अंगावर घेऊन सुकलेला साग, वाफेला तो दाद देईना. उरला तिसरा मार्ग: लाकडाच्या पातळ पट्ट्या चिरायच्या, मध्ये गोंद लावून त्यांची चळत फर्म्यावर, म्हणजे कमानीच्या आकाराच्या साच्यावर, वाकवायची आणि गोंद वाळेपर्यंत शिकंज्यात धरून ठेवायची. इंग्रजीत बेंट लॅमिनेशन म्हणतात ते हेच. तीन मिलिमीटरची पट्टी हाताने वाकते. अशा बारा पट्ट्या वाकलेल्या स्थितीत एकमेकींना चिकटल्या की छत्तीस मिलिमीटरचं एक लाकूड होतं, आणि त्याची नस या टोकापासून त्या टोकापर्यंत कमानीसोबतच वळते.

गोष्ट नवी नाही. जर्मनीतल्या बोपार्ड गावचा मिखाएल थोनेट १८३०च्या दशकात लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांच्या गोंदात, उकळून साच्यात वाकवत होता. सरस ओल धरतो आणि ओलीत सैल पडतो, म्हणून तो पुढे अख्खं बीच लाकूड वाफेवर वाकवण्याकडे वळला. त्याचं पेटंट १८५६चं, आणि त्याची ती प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची १८५९ची. नंतर गोंद सुधारले आणि पट्ट्यांची रीत परत आली. फिनलंडच्या आल्वार आल्टोने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयासाठी केलेल्या खुर्चीचे हात आणि पाय म्हणजे बर्चच्या पट्ट्यांची एकच सलग वळलेली चौकट आहे. मी हे आबांना सांगितलं, तर त्यांना खुर्चीपेक्षा सरसाचंच कौतुक वाटलं. त्यांच्या वडिलांच्या काळी तो डब्यात पाणी घालून मंद आचेवर ठेवत, आणि पावसाळ्यात त्याचे सांधे सुटत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

लाकडाचा हिशेब मात्र त्यांना रुचला नाही. माझ्या मशीनचं पातं तीन मिलिमीटरचं. पट्टी तीनची आणि चिरही तीनची, म्हणजे निम्मी तुळई भुशात. बारा पट्ट्यांना छत्तीस, मधल्या अकरा चिरांना तेहतीस, वर रंध्याला थोडं. छत्तीसच्या डोलासाठी पंचाहत्तर मिलिमीटर लाकूड मोजून जातं. भुसा आईने शेगडीसाठी पोत्यात भरून ठेवला, पण मलाही ते सोसत नव्हतं. त्यातून जुन्या तुळईत खिळे. लोहचुंबक फिरवून अकरा काढले. बारावा चुंबकाने नव्हे, पात्याने शोधला. ठिणगी उडाली आणि पात्याचे दोन दात गेले.

चिरण्याआधी मी तुळईच्या वरच्या अंगावर खडूने एक मोठा त्रिकोण काढला. पट्ट्या सुट्या झाल्यावर त्या रेषा जुळवल्या की क्रम आपोआप लागतो आणि शेजारची पट्टी शेजारीच राहते. तयार डोलात मग जोड नजरेला जवळजवळ येतच नाही. हे सुरुवातीला केलं नाही तर नंतर कुठल्याच उपायाने करता येत नाही.

पहिला प्रयत्न मे २०२२मध्ये केला. महिना चुकीचा निवडला, याशिवाय त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नव्हतं. दुकानातला साधा पांढरा गोंद लावत गेलो; सहाव्या पट्टीला पोचेपर्यंत पहिलीवर साय धरली होती. चळत वाकवताना पट्ट्या एकमेकींवरून सरकाव्या लागतात. बाहेरच्या पट्टीचा रस्ता आतल्या पट्टीपेक्षा लांबचा असतो. माझा फर्मा १०५० मिलिमीटर त्रिज्येचा आणि टोकाटोकातलं सरळ अंतर ८५०, एवढ्या कमानीत तो फरक जवळजवळ तीस मिलिमीटर होतो. गोंद धरू लागला की पट्ट्या सरकत नाहीत, फुगतात. मी शिकंजे आवळत गेलो आणि मधोमध बोट शिरेल अशा फटी पडल्या. ते सगळं चुलीत गेलं.

दुसऱ्या वेळी लाकूड वाचवायचं म्हणून सहा सहा मिलिमीटरच्या सहाच पट्ट्या घेतल्या. ऑगस्ट होता, हवा गार आणि दमट, गोंदाला भरपूर वेळ मिळाला. काम सुरेख वाटलं. दुसऱ्या दिवशी शिकंजे सोडले, डोल फर्म्यावर परत ठेवून पाहिला तर टोकांना सात मिलिमीटरची फट. वाकवलेलं लाकूड सोडलं की थोडं परत जातंच. त्याचा साधा हिशेब असा, की जितक्या पट्ट्या त्या आकड्याच्या वर्गाने कमानीच्या उंचीला भागायचं. माझ्या कमानीची उंची ९०. सहा पट्ट्या म्हणजे छत्तीसने भाग, उत्तर साधारण अडीच मिलिमीटर. अडीचच्या जागी सात का, याचा तेव्हाच विचार करायला हवा होता. मी केला नाही. दोन्ही डोल सारखेच उघडले होते, म्हणून ते बसवले, पॉलिश केलं आणि खुर्ची आईच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "खुर्ची डाव्या अंगाले जास रे."

मी खुर्ची उलटी केली. डोल तुटले नव्हते, चिरले नव्हते. पण टोकाकडे, जिथे मी सगळ्या पट्ट्या एका पातळीत तासून गुळगुळीत केल्या होत्या, तिथे नख फिरवलं तर ते अडकलं. एकदा नाही, पाच वेळा. प्रत्येक जोडावर केसाएवढी पायरी. पट्ट्या शेजारणीवरून हळूहळू सरकल्या होत्या आणि कमान बसत चालली होती, डावी जास्त, उजवी कमी. डाव्या बाजूला दुपारचं ऊन येतं.

तिथे मला या कामाचं मर्म कळलं. वाकलेली पट्टी चिकटली म्हणून शांत होत नाही. ती दिवसरात्र सरळ व्हायला बघते, आणि तिला धरून ठेवणारा असतो फक्त तो कागदासारखा पातळ गोंदाचा थर. सरळ फळ्या जोडताना गोंदावर असा कायमचा ताण नसतो, म्हणून तिथे पांढरा गोंद पिढ्यान् पिढ्या टिकतो. पण तो वाळला तरी आतून थोडा रबरासारखा राहतो आणि तापला की मऊ पडतो. खानदेशात वैशाखात ओट्यावरच्या पत्र्याखाली काय तापतं ते वेगळं सांगायला नको. सातची फट तेच सांगत होती, गोंद पहिल्या दिवसापासून हार खात होता. मी लाकूड वाकवायला शिकलो होतो, त्याला तिथे धरून ठेवायला नाही.

मग शोध घेतला तो काचेसारखा कडक होणाऱ्या गोंदाचा. प्लायवूडच्या आणि फ्लश डोअरच्या कारखान्यात वापरतात तो युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिन. पावडर पाण्यात कालवायची, त्यात हार्डनर घालायचं. एकदा बसला की तो सरकत नाही आणि उन्हाने मऊ पडत नाही. पावसात उघड्यावर ठेवायच्या वस्तूला तो चालणार नाही, पण ओट्यावरच्या खुर्चीला पुरतो. त्याचा वास डोळ्यांना झोंबतो, म्हणून मास्क आणि उघडी दारं हवीतच. त्याची दुसरी अट हवामानाची. उन्हाळ्यात तो पातेल्यातच घट्ट होतो. गारठ्यात, दहा अंशांच्या आसपास, तो नीट पिकतच नाही, वरून कडक दिसतो आणि आत कच्चा राहतो. आमच्याकडे जानेवारीची दुपार अगदी सोयीची आणि रात्र अगदी गैरसोयीची. तरी मी जानेवारीच धरला, २०२४चा.

तुळईचा शेवटचा मोठा तुकडा होता. या वेळी दोन्ही डोलांच्या पट्ट्या त्याच एका तुकड्यातून, पुन्हा तीन मिलिमीटरच्या, प्रत्येकी बारा आणि वर दोन जादा. फर्मा जुनाच, अठरा मिलिमीटरच्या प्लायचे तीन थर एकावर एक, तोंडावर मेण घासून वरून सेलोटेप. शिकंजे माझ्याकडे सहा. बाकीचे आठ शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या भाऊंनी दिले, संध्याकाळपर्यंत परत हवेत असं सांगून. परत द्यायला दोन दिवस लागले, त्यांनी काही म्हटलं नाही.

आदल्या दिवशी कोरडी तालीम केली. गोंदाशिवाय सगळी चळत फर्म्यावर चढवायची, शिकंजे मध्यापासून टोकांकडे लावत जायचं आणि मुलाने घड्याळ बघायचं. पहिल्यांदा एकोणीस मिनिटं लागली. शिकंजे आधीच योग्य रुंदीला उघडून क्रमाने मांडून ठेवले तर अकरा. त्यातच कळलं, की पाचव्या पट्टीला कडेला पिनाएवढी गाठ आहे आणि ती तिथेच चिरते आहे. जादा पट्टी कामी आली. गोंद लावल्यावर हे कळलं असतं तर तो डोलही गेला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता शेडमध्ये सत्तावीस अंश होते. साग तेलकट असतो, शिळ्या पृष्ठभागावर गोंद धरत नाही. म्हणून पट्ट्या त्याच सकाळी रंध्याखालून काढल्या होत्या, आता ॲसिटोनचा फडका मारला. रेझिन बायकोने कालवला. मी दाटपणा सांगू शकलो नसतो, तिने बरोबर सांगितलं: कढीपेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ. रंगाच्या छोट्या रोलरने मी पट्टी माखायची, तिने दुसरी पुढे सरकवायची. दोन्ही अंगं माखली, कारण कोरडं अंग गोंद शोषून घेतं आणि जोड उपाशी राहतो. बारावी पट्टी ठेवली तेव्हा पहिलीवरचा रेझिन अजून ओला चकाकत होता. वरून सहा मिलिमीटर प्लायची लवचीक पट्टी, म्हणजे शिकंज्याचा दाब एका ठिपक्यावर न पडता पसरतो. मधला शिकंजा हलका धरला, मग त्याच्या एका बाजूचा, मग दुसऱ्या.

वाकताना चळत सरकते ते त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. टोकं एका रेषेत होती, ती हळूहळू पायऱ्या होत गेली, बाहेरची पट्टी मागे, आतली पुढे, पत्त्यांचा जुडगा हातात वाकवावा तशी. लाकूड बारीक कुरकुरत होतं. कडेने पट्ट्या वरखाली होऊ लागल्या, त्या मोगरीने ठोकून पातळीत आणल्या. सगळे शिकंजे अर्धे आवळून झाल्यावर मध्यापासून पुन्हा एक फेरी. प्रत्येक जोडातून रेझिनचे बारीक थेंब बाहेर आले, ओळीने, मण्यांसारखे. एखाद्या जोडावर थेंब आला नाही तर तिथे गोंद कमी पडला असं समजायचं. अकराच्या अकरा जोडांवर माळ होती. चौदा शिकंजे, दर सात सेंटिमीटरला एक.

रात्री पारा नऊवर गेला. फर्म्यावर आईच्या दोन गोधड्या घातल्या आणि आत जाळीच्या डब्यात शंभरचा बल्ब लावून ठेवला. गोधडीला बल्ब लागू नये म्हणून वर पत्र्याची कमान केली होती, तरी दर दोन तासांनी उठून बघितलं. आत बावीस अंश टिकले. पेल्यात उरलेला रेझिनही मी त्याच गोधडीखाली ठेवला होता, कारण जोडाच्या आत काय चाललंय हे तोच सांगतो. पहाटे तो नखाने दाबला तर दबला नाही. दुपारी पेला फरशीवर आपटला आणि गोंद काचेसारखा फुटला. तेव्हा शिकंजे सोडले.

डोल फर्म्यावर परत ठेवला. बारा पट्ट्या म्हणजे १४४ने भाग, हिशेबाने फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. फटीत मी पातळ पत्र्याचे माप लावणारे तुकडे घालून पाहिले. ०.८ आलं. दुसऱ्या डोलालाही ०.८.

लगेच तासायची घाई केली नाही. रेझिनबरोबर लाकडात पाणीही जातं, ते निघेपर्यंत आकार थोडा हलतो. आठवडाभर दोन्ही डोल सावलीत आडवे ठेवले. मग कडेचे गोंदाचे मणी जुन्या पटाशीने उडवले, डोळ्यांवर चष्मा घालून, कारण ते तुकडे काचेसारखेच उडतात. हे न करता थेट रंधा चालवला तर पात्याला खांडं पडतात. आदल्या प्रयत्नातलं एक पातं मी तसं गमावलं होतं.

पायांना बसवण्याआधी डोल आबांकडे नेले. त्यांनी एका टोकाला दोन बोटांत धरून लोंबता ठेवला आणि वाकसाच्या दांड्याने वरपासून खालपर्यंत ठोकत आले. सगळीकडे एकच आवाज, टण्ण, भांड्यासारखा. कुठे जोड सुटलेला असता तर तिथे आवाज बद्द आला असता. मग त्यांनी टोक उन्हात धरलं, आणि नस डोलाबरोबर वळत जाते ती बोटाने बराच वेळ चाचपत राहिले. "आते हाई उकलाव नही," म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, चाकाचा अख्खा घेर असा होईल का. होईल, मी म्हटलं, पण त्याला शंभरेक शिकंजे लागतील. ते म्हणाले, धाव चढवू की.

ते अजून केलेलं नाही. करायचं आहे.

त्या मे महिन्यात, चाळिशीच्या वर गेलेल्या पाऱ्यात, मी आईला दुपारी खुर्चीतून उठवलं आणि खुर्ची ओट्यावर उलटी केली. पत्र्याखाली लाकडाला हात लावला तर चटका बसत होता. आधी डाव्या डोलाच्या टोकावर नख फिरवलं, मग उजव्या. अकरा जोड इकडे, अकरा तिकडे. नख कुठेच अडकलं नाही. फर्मा आणून डोलाला लावला, फटीत ते माप घातलं. ०.८चं गेलं, १चं गेलं नाही.

आता खुर्चीचे हात करायचेत. तो वाक बराच आवळ आहे, दोनशे मिलिमीटर त्रिज्येचा, त्याला तीनची पट्टी चिरते. टाकाऊ सागावर करून पाहिलं, दोनची चालते. दोनच्या पट्टीला तीनची चिर म्हणजे भुसा लाकडापेक्षा जास्त, त्यासाठी आधी पातळ पात्याची सोय बघतोय. तुळईचा दीड हाताचा तुकडा अजून शिल्लक आहे. त्यावर परवा खडूने त्रिकोण काढून ठेवलाय.